ठेवून गेलेला पाळणा

मथुराला एखादी जुनीपानी वस्तू दिसली की ती डोळे किलकिले करते. मान जराशी डावीकडे कलते, तोंडातलं वाक्य अर्धवट राहतं आणि बाई उभ्या जागेवरून कुठेतरी निघून जाते. तिच्याबरोबर भिलाईत पावर हाउसच्या बाजारात जाणं म्हणजे डोक्याला ताप. मी भाजीच्या पिशव्या सांभाळत ऑटोकडे निघालेली असते आणि ही मागेच, कबाड्याच्या दुकानापुढे, एका गंजलेल्या मच्छरदाणीच्या सांगाड्याकडे बघत थांबलेली असते.

"बोल, याचं काय?" मी चिडून विचारते. हे माझं ठरलेलं वाक्य आहे.

"यावर गोकर्णीचा वेल चढवीन, वंदनाताई. निळ्या फुलाचा. खाली बसून आपण चहा पेऊ."

पुढच्या दिवाळीला तिच्या अंगणात खरोखरच निळा मांडव उभा असतो आणि त्याच्याखाली बसून मी चहा पीत असते. त्यामुळे मला तिच्यावर धड चिडताही येत नाही.

आम्ही भिलाईजवळ चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतो. माझे यजमान मालगाडीवर गार्ड आहेत. कागदावर आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण भाजीवाल्यापासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांसाठी ते गार्डसाहेबच. मथुराचा नवरा फकिराभाऊ यार्डात पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा. आम्ही नागपूरचे, ते भंडाऱ्याकडचे. क्वार्टर मात्र दोघांचंही एकाच साच्यातलं: दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण आणि भिंतींना तो सरकारी पिवळट रंग. माझ्या घरी पाहुणा आला की आधी पंखा कुठे आहे ते बघतो. मथुराच्या घरी आला की बोलायचा थांबतो आणि नुसता बघत राहतो.

पुढच्या खोलीत छताला तिने बांबूचा टुकना उलटा टांगला आहे. इथल्या बायका डोक्यावर भाजी घेऊन येतात ना, तीच मोठी टोपली. आत दिवा. संध्याकाळी बटण दाबलं की टोपलीच्या भोकांमधून उजेडाचे ठिपके निघतात, पंख्याच्या वाऱ्याने टोपली हलते आणि ते ठिपके भिंतीवरून सावकाश फिरत राहतात. झाडाखाली आडवं पडल्यासारखं वाटतं. पडदे जुन्या लुगड्यांचे. दुपारी ऊन त्यांच्यातून गाळून येतं तेव्हा सगळी खोली पिकल्या चिंचेच्या रंगाची होते. खिडकीत बसायला एक रुंद फळी आहे आणि त्या फळीवर बसून मी आजवर किती वेळा झोपले असेन, देव जाणे. यार्डात डबे एकमेकांना जोडले की धक्क्याचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जातो. माझ्या घरात त्याने भांडी वाजतात. तिच्या घरात तोच आवाज फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो.

यातली एकही वस्तू नवी नाही. कपाटाचं दार उघडलं की हिंगाचा वास येतो, कारण ते आधी एका तेलुगू स्टेशनमास्तरांच्या स्वयंपाकघरात होतं. मथुराने त्याला घासलं, मोरपंखी रंग दिला, पण वास काही जाऊ दिला नाही. "राहू द्या," ती म्हणते. "त्याले बी त्याच्या जुन्या घराची आठवण येत असन."

या वस्तू तिच्याकडे येतात त्या आमच्या कॉलनीच्या एका रीतीमुळे. बदलीची ऑर्डर आली की माणूस ट्रक सांगतो, आणि ट्रकमध्ये सगळं कधीच मावत नाही. उरलेलं शेजाऱ्याला विकायला लाज वाटते. फुकट दिलं तर घेणाऱ्याला कमीपणा वाटतो. म्हणून जाणारा म्हणतो, "हे तुमच्याकडे ठेवून जातो. येऊ तेव्हा नेऊ." घेणारा म्हणतो, "हो हो, सांभाळून ठेवतो." दोघांनाही ठाऊक असतं की कुणी परत येत नाही. डोंगरगडला गेलेला माणूस एका स्टुलासाठी चरोद्याला कशाला येईल? अशी ठेवून गेलेली वस्तू मग आपलीच धरायची. आजवर कुणी मागायला आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

तुळसाबाई पाळणा ठेवून गेल्या तोही असाच.

तुळसाबाई म्हणजे लोको पायलट पंजाबरावांची बायको. आमच्या ओळीच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. मथुरा नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला गॅसची शेगडी लावण्यापासून सगळं त्यांनीच शिकवलं. गोंदियाला बदली झाली तेव्हा त्यांनी आपल्या लेकीचा, पायलचा पाळणा मथुराच्या दारात आणून ठेवला. सागवानाचा, खरादीवर कातलेल्या गोल दांड्यांचा. डोक्याच्या आणि पायाच्या फळीवर एकेक पोपट कोरलेला. टांगायला लाकडी स्टँड आणि पितळेच्या कड्या. "ठेवून जातो हे," त्या म्हणाल्या, आणि मग हळू आवाजात, "तुले लागनच."

मथुराने तो आतल्या खोलीत मांडला. त्या काळात तिच्या घरात बाकी काही नव्हतं, नुसता पाळणा होता. ती त्याच्यासमोर बसून डोळे किलकिले करायची आणि तिला काय दिसायचं ते विचारायची गरज नव्हती. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून तिने तो साडीच्या काठाने स्टँडच्या खांबाला बांधून ठेवला होता. वर्षं गेली. रायपूरचे दवाखाने झाले, नागपूरचे झाले, आईने सांगितलेले उपास झाले. मग एका वर्षी त्या दोघांनी दवाखाने बंद केले.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी वादळ सुटलं. यार्डातली धूळ घरात शिरली, खिडक्या आपटल्या. मी कपडे काढायला अंगणात धावले तर भिंतीपलीकडून पितळी कड्यांचा आवाज यायला लागला, कर्र, कर्र. बांधलेला काठ सुटला होता आणि पाळणा आपोआप हलत होता. थोड्या वेळाने तो आवाज थांबला आणि हातोडीचा सुरू झाला.

मी गेले तेव्हा मथुरा जमिनीवर बसली होती. सगळ्या खुंट्या ठोकून काढलेल्या, पाळण्याचे सुटे भाग तिच्याभोवती पसरलेले. ती एकेक उचलून डोळे किलकिले करून बघत होती. त्या दिवशी मी 'याचं काय' असं विचारलं नाही.

आज जे घर लोक बघत राहतात, ते त्या दुपारी सुरू झालं. एक पोपट आरशाच्या चौकटीवर बसला, त्याला गेरूचा रंग. दुसरा पुढच्या खोलीत मांडणीच्या पाठीला, हळदी पिवळा. खरादीच्या दांड्यांचं स्वयंपाकघरात ताटाळं झालं, मोरपंखी. स्टँडच्या पायांवर मनीप्लांटची कुंडी चढली. कड्यांवर टुकन्याचा दिवा लटकला. तळाची फळी तेवढी लांब होती, तिला आरी लावून ती खिडकीत बसवली. एका जागी उभा असलेला तो पाळणा तिने घरभर वाटून टाकला, म्हणजे कुठूनही बघितलं तरी तो अख्खा दिसायला नको. मला ते कळलं तेव्हा रडू आलं, आणि रडू आलं की मी ओरडते. "चहा टाक आधी!" असं मी तिच्यावर ओरडले होते.

गेल्या थंडीत एका सकाळी मी तिच्याकडे मेथी निवडत बसले होते. तिचा फोन वाजला. ती पीठ मळत होती म्हणून मीच बटण दाबून स्पीकरवर ठेवला. तुळसाबाई. आवाज तसाच, लांबच्या डब्यातल्या माणसाला हाक मारल्यासारखा.

"मथुरा, अवं मी भिलाईतच हावो! पायलचे दिवस भरत आले. दवाखाना इथला चांगला, म्हणून मीच आली तिच्याकडे सेक्टरमधी." मग जरा थांबून म्हणाल्या, "तो पाळणा हाये ना वो?"

मथुराने पिठाचे हात तसेच धरून आजूबाजूला पाहिलं. आरशाकडे, ताटाळ्याकडे, मग दारातून दिसणाऱ्या दिव्याकडे.

"हाये, काकू," ती म्हणाली.

"मंग एक फोटो पाठवजो. पायलले दाखवीन. रविवारी येतो न्याले."

फोन बंद झाला. मी मेथी बाजूला सारली. मला तुळसाबाईंचाच राग आला. वीस जणांनी वीस वस्तू ठेवल्या, कुणी आलं नाही, आणि याच बाईला यायचं सुचलं! मी म्हटलं, "वाळवी लागली म्हणून सांग. नाहीतर पावर हाउसला तयार पाळणे मिळतात, स्टीलचे. एक नेऊन दे आणि मोकळी हो."

"वाळवी कावून सांगू, ताई? वाळवी तं मीच होती."

"अगं पण घर मोडशील का सगळं?"

"त्याईनं सांभाळाले ठेवला होता," ती म्हणाली आणि पुन्हा पीठ मळायला लागली. पीठ केव्हाच मळून झालं होतं.

घर मोडायचं मला वाईट वाटत होतं हे खरं. पण खरी भीती दुसरीच होती. भाग परत जोडले की तो पुन्हा समोर उभा राहणार होता, अख्खा आणि रिकामा, आणि रविवारपर्यंत तिला त्याच्याबरोबर एका खोलीत राहायचं होतं. एकदा ती त्यातून कशी निघाली ते मी भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं. पुन्हा निघेल याची मला खात्री नव्हती.

तुळसाबाईंचा मेसेज आला, 'फोटो?' मथुराने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तोवर आरसा उतरून भिंतीला टेकला होता, ताटं टोपलीत गेली होती, मनीप्लांट जमिनीवर आला होता. दिवा काढला त्या संध्याकाळी ती खोली एकदम क्वार्टरसारखी दिसायला लागली.

एकच अडचण राहिली. खुंट्या. सागवानी पाळण्याला खिळा मारत नाहीत, आणि त्या लाकडी खुंट्या तर केव्हाच गेल्या असणार. मथुरा अंगणात बसून बोटाएवढ्या काटक्या सुरीने तासून बघत होती, बसत नव्हत्या. फकिराभाऊ ड्यूटीवरून आले. हा माणूस यार्डात झेंडी दाखवतो आणि घरात तेवढंही बोलत नाही. त्यांनी पाय धुतले, मागच्या कवेलूच्या छपरीत गेले आणि एक बिस्किटाचा डबा घेऊन आले. तिच्यासमोर उघडून ठेवला. आत सगळ्या खुंट्या होत्या, तेल लावून, फडक्यात बांधलेल्या.

"फेकल्या नाई तुमी?" मथुराने विचारलं.

"कशाले फेकू," ते म्हणाले. "तुनं ठोकून काढल्या तवा तुटली एकबी नव्हती."

मग दोघं बसून पाळणा जोडायला लागली. मी अंगणातल्या भिंतीवरून बघत होते आणि नाक पुसत होते. थंडीचे दिवस होते, कुणाचंही नाक गळतं.

रंग खरवडायला वेळ नव्हता. त्यामुळे तो पाळणा उभा राहिला तो एक पोपट गेरू, एक हळदी, दांडे मोरपंखी असा. वरची पट्टी तेवढी तिने पॉलिश पेपरने घासघासून पुन्हा सागवानी केली. "बाळ उभं राहाले शिकलं की इथं तोंड लावते," ती म्हणाली. तळाची फळी कापलेली, ती काही वाढत नाही. तिथे तिने जुन्या खाटेची नवार धुऊन, ताणून विणली. भिलाईच्या उन्हाळ्यात खालून वारा लागेल, हा तिचा हिशोब. सगळं झालं तेव्हा तिने काठाची पट्टी घेतली आणि पाळणा पुन्हा खांबाला बांधला. त्याच्याकडे पाठ करून बसली. तशीच पाठ करून तिने तांदूळ निवडले, कपडे घडी केले, माझ्याशी गप्पा मारल्या. मला वाटलं, रविवार उद्याच का येत नाही.

तुळसाबाई टेम्पो घेऊनच आल्या. केस पार पांढरे, पण चाल तीच. पाळण्यासमोर उभ्या राहिल्या. पोपटांवरून हात फिरवला, हसल्या. मग हात खाली गेला आणि नवारीवर थांबला.

"फळी कुठं गेली?"

मी घाईने तोंड उघडलं. वाळवी माझ्या जिभेवर तयारच होती. मथुराने मला हाताने थांबवलं.

"मी मोडला होता, काकू," ती म्हणाली. "सबन मोडला होता. एका जागी पाहवत नव्हता मले. त्याचं घरभर काहीबाही बनवलं. आता तुमी मांगला म्हणून जोडला. फळी कापल्या गेली, ते खिडकीत हाये. मले माफ करजा. तुमी सांभाळाले देला होता."

तुळसाबाई पुढच्या खोलीत गेल्या. भिंतीवर खिळ्यांच्या जागा, आरसा जमिनीवर, छताला दिव्याची नुसती वायर. त्या खिडकीतल्या फळीवर बसल्या आणि तळहात टेकवून तिला चाचपत राहिल्या. पडद्यातून ते चिंचेच्या रंगाचं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं. यार्डात धक्का बसला आणि आवाज लांब पळत गेला.

"आमच्या ट्रकमधी जागा होती, मथुरा," त्या म्हणाल्या.

मथुरा दारातच उभी राहिली.

"पाळण्यापुरती होती. मीच मुद्दाम ठेवला. वाटलं, पाळणा घरात असन तं लेकरू येईन. अन् मंग गोंदियाले कोणाच्या तोंडून तुही खबर आली की मले जेवण नाई जाये. या पोरीच्या घरात मी काय ठेवून आली, तिनं रोज काय पाहावं? मांगाची हिंमत नाई झाली इतके साल. पायलसाठी तं दुकानात ढीग पाळणे हायेत, बाप्पा. मले हा तुह्या घरातून न्यायचा होता."

मग दोघी रडल्या. मीही रडले आणि या वेळी कुणावर ओरडले नाही. चहा मात्र मीच टाकला.

टेम्पोत पाळणा चढला तेव्हा मथुराने फळी काढून द्यायची तयारी दाखवली. "राहू दे ते," तुळसाबाई म्हणाल्या. "मी बसाले येत जाईन."

पाळणा गेला आणि घर तसंच राहिलं. मला वाटलं होतं, आठवड्याभरात ही काहीतरी उचलून आणेल आणि भिंती भरतील. पण नाही. पावर हाउसला गेलो तर कबाड्याच्या दुकानावरून सरळ चालत गेली. त्याने स्वतः हाक मारून एक कोरीव खुर्चीची पाठ दाखवली. "बोल, याचं काय?" मीच विचारलं, लाडीगोडीने. तिने पाहिलं, उघड्या डोळ्यांनी, साधं. "खुर्ची हाये तुटकी," ती म्हणाली. मला फार भीती वाटली. घरी येऊन मी यजमानांना म्हटलं, मथुरा विझली हो.

पायलला मुलगी झाली. बारशाला आम्ही दोघी सेक्टरमध्ये, स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या पायलच्या घरी गेलो. घर बायकांनी गच्च भरलेलं, मधोमध तो पाळणा, झेंडूच्या माळा लावलेला. मथुरा आल्या आल्या मागच्या भिंतीला जाऊन उभी राहिली. अशा कार्यात कुठे उभं राहायचं हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. इतक्या वर्षांत लोकांनी न बोलता शिकवलंय. मला या गोष्टीची तिडीक येते, पण दुसऱ्याच्या घरी भांडता येत नाही.

बाळाला पाळण्याच्या खालून-वरून द्यायची वेळ झाली. अलीकडे तुळसाबाई. पलीकडे कोण, म्हणून बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. पायलची आतेसासू पुढे सरकली.

"तुमी थांबा जरा," तुळसाबाई म्हणाल्या. "मथुरा! ये पलीकडून. तुह्या हातचा हाये हा पाळणा."

एक बाई दुसरीच्या कानाला लागली. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पदर सावरला आणि गप्प झाली. मथुरा भिंतीपासून निघाली खरी, पण दोन पावलांवर थांबली. मग पायलनेच बसल्या जागेवरून हाक दिली, "मथुरामावशी, या ना, इसको आप ही पकड़ो." आणि तुळसाबाईंनी पाळण्याखालून ते गुंडाळलेलं बाळ पुढे केलं. मथुराने हात पसरले. वरून परत दिलं, खालून पुन्हा घेतलं. शेवटी बाळाला नवारीवर निजवलं आणि कानात नाव सांगितलं गेलं, समृद्धी.

बायका पेढ्यांकडे वळल्या. मथुरा तिथेच उभी होती. मान जराशी डावीकडे कललेली. मी जवळ गेले. वातावरण हलकं करावं म्हणून म्हणा, की मला माझी जुनी मैत्रीण परत हवी होती म्हणून म्हणा, मी हळूच विचारलं, "बोल, याचं काय?"

तिने पाळण्याकडे पाहिलं. गेरूच्या पोपटाकडे, मोरपंखी दांड्यांकडे, आत मूठ चोखणाऱ्या पोरीकडे. डोळे किलकिले केले नाहीत.

"याचं काई नाई, ताई," ती म्हणाली. "हा पाळणा हाये."

आणि तिने दोरी हातात घेऊन त्याला झोका दिला.